उघडलेला सेट

पुंजाराम तो सेट घेऊन आला तेव्हा दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. साल दोन हजार एक. औरंगाबादेत रोशनगेटच्या आतल्या बाजूला, घराच्याच पुढच्या खोलीत जाहेदाचं दुकान होतं. खरं तर तिच्या वडिलांचं, कमरोद्दीन मेकॅनिकचं. ते वारल्याला सहा वर्षं झाली होती, तरी लोक अजून "कमरोद्दीनच्या दुकानात देऊन या" असंच म्हणायचे. दुरुस्तीला यायचे ते टेप, रेडिओ, टीव्हीचे रिमोट. जाहेदाचा जीव मात्र वायरलेसमध्ये होता. तेविसाव्या वर्षी परीक्षा देऊन तिनं हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना काढला होता. आता ती एकेचाळीस वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि अम्मी, दोघीच.

रोज सकाळी सात वाजता ती सेटसमोर बसायची. खुलताबादहून बद्रीनाथ काका सगळ्या हॅमवाल्यांची हजेरी घ्यायचे. निवृत्त मास्तर असल्यामुळं हजेरी घ्यायची सवय त्यांच्या हाडात भिनलेली होती. नाव पुकारलं की आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची अक्षरी ओळख सांगायची, दोन वाक्यं बोलायची आणि पुढच्याला जागा द्यायची. जाहेदाला ती दोन वाक्यं दिवसभर पुरायची.

पुंजारामनं पिशवीतून काढलेला सेट जुना जपानी होता. गाडीत बसवायचा, शाळेच्या वहीएवढा. वरचा पत्रा घासून पांढरा पडलेला.

"उघडून पायजे," तो म्हणाला.

पन्नाशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, बोलणं नरम. गोदाकाठचा आहे एवढंच त्यानं सांगितलं.

उघडून म्हणजे काय, ते जाहेदाला समजावून सांगायची गरज नव्हती. हॅमवाल्यांना आकाशातली एक छोटी पट्टी नेमून दिलेली असते. त्यांचे सेट तेवढ्याच पट्टीत चालतात. अलीकडं-पलीकडं पोलीस, पाटबंधारे, विमानं, ज्याची त्याची जागा. पण जुन्या जपानी सेटमध्ये हे कुंपण फारच कच्चं असायचं. आतल्या पाटीवर तांदळाच्या दाण्याएवढा एक डायोड. तो कापला की कुंपण संपलं. मग सेट दूरदूरचं ऐकू शकतो. आणि बोलूही शकतो.

"परवाना आहे का तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"परीक्षा दिलीया. येईलच आता. पण मला बोलायचं नायच वो, फक्त ऐकायचंय. आमचं गाव नदीला लागून. वरून पाणी सोडलं का नाय, लोकांना कळत नाय. पाटबंधारेवाले वायरलेसवर बोलत्यात. तेवढं कानावर पडलं म्हंजी बास. शहरातल्या दोघांना दाखवलं, दोघांनी हात टेकले. म्हनले, हे काम कमरोद्दीनच्या पोरीशिवाय कुनाला जमायचं नाय."

जाहेदाला हे ऐकून बरं वाटलं. पुढं तिनं स्वतःला अनेकदा विचारलं, की आपण तो पत्रा काढला तो गावाच्या काळजीनं का या एका वाक्यानं. उत्तर तिला माहीत होतं.

पुंजारामनं खिशातून कागदाचा एक चिटोरा काढून टेबलावर ठेवला. "हितं लागायला पायजे."

त्यावर दोन आकडे होते. जाहेदानं ते वाचले आणि तिचा हात थांबला. डोंगरावर जे सरकारी मनोरे असतात त्यांना दोन आकडे लागतात. एका आकड्यावर आपण बोलायचं, मनोरा ते उचलतो आणि दुसऱ्या आकड्यावर जिल्हाभर ऐकवतो. ज्याला फक्त ऐकायचंय त्याला एकच आकडा पुरे. हा दुसरा कशाला?

तिनं विचारलं नाही.

बोलायची वाट वेगळी बंद करता आली असती. दोन-तीन भाग जास्तीचे घालावे लागले असते, अजून एक दिवस गेला असता. पण त्याला संध्याकाळपर्यंत सेट हवा होता, पाचची एसटी होती. तिनं बारीक कैचीनं डायोडचा पाय तोडला, सेट लावून बघितला. कुठलाही आकडा टाका, लागत होता. माइकचं बटण ढिलं झालं होतं म्हणून तिनं बॉलपेनमधली निळी स्प्रिंग कापून आत बसवली. स्प्रिंग थोडी कडक निघाली. बटण दाबलं की 'टिक-टिक' असा दुहेरी आवाज यायचा, आणि तो हवेतूनही ऐकू जायचा.

"हे राहू द्या," पुंजाराम म्हणाला. "ऐकायचंच तर हाय."

तो गेला. कागद टेबलावरच राहिला. जाहेदानं तो भिंतीच्या खिळ्याला टोचून ठेवला, आणि विसरली.

*

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. माकडांनी गच्चीवरचा अँटेना वाकवला होता, तो सरळ करून जाहेदा खाली आली आणि नीट काम करतोय का ते बघायला तिनं टेबलावरचा मोठा सेट लावला. हा तिचा स्वतःचा सेट. तोही तिनं कधीतरी उघडलेला होता. पट्टीच्या बाहेर ती कधी एक शब्द बोलली नव्हती. पण ऐकायची, कधीमधी. आज सहज तिची नजर खिळ्यावरच्या कागदाकडं गेली. पाटबंधारेवाले काय बोलतात ते बघू, म्हणून तिनं त्यातला पहिला आकडा टाकला.

"पथक दोन, कंट्रोल. तुमचं लोकेशन सांगा."

"कंट्रोल, पथक दोन. बिडकीन ओलांडलं. कुरणवाडीला पोहोचायला पंधरा मिनिटं."

जाहेदाचा हात बटणावरच राहिला. हे पाटबंधारे नव्हतं. हे ग्रामीण पोलीस होते.

बंद करावं, असं पहिल्यांदा मनात आलं. तेवढ्यात तिसरा आवाज आला. हातातल्या छोट्या वॉकीटॉकीचा, खरखरीतून कसाबसा वर येणारा. "कंट्रोल, कुरणवाडी. तलाठी साहेबांनी वाळूचे दोन ट्रक आडवलेत. पन्नास-साठ लोक जमलेत. आम्ही दोघंच आहोत. गाडी लवकर पाठवा."

"पाठवली आहे. थांबा."

जाहेदा खुर्चीवर बसली. एक शिपाई, एक तलाठी आणि नदीचं कोरडं पात्र. वाळूवरून काय काय होतं, ते पेपरात येत होतंच. पाच मिनिटं नुसतीच खरखर. मग पुन्हा आवाज आला. या वेळी अगदी स्वच्छ, ठणठणीत.

"कंट्रोल, कुरणवाडी. प्रकरण मिटलं. ट्रकवाले दंड भरायला तयार झाले. लोक पांगले. गाडीची गरज नाही."

"कुरणवाडी, नक्की ना?"

"नक्की. आम्ही तलाठी साहेबांबरोबर गावात चाललो."

"ठीक आहे. पथक दोन, माघारी या."

जाहेदानं सुटकेचा श्वास सोडला, आणि तो अर्ध्यातच अडकला. आत्ताच्या बोलण्याआधी काहीतरी वाजलं होतं. प्रत्येक वाक्याआधी. तिनं आवाज वाढवला, कान स्पीकरच्या जाळीला लावला.

त्याच वेळी खोल तळातून तो खरखरीत आवाज वर यायला धडपडला. "...कंट्रोल... दगड... साहेबां..."

टिक-टिक.

आणि सपाट शांतता. कुणीतरी मोठ्या सेटचं बटण काही न बोलता दाबून धरलं होतं. दोन सेट एकाच वेळी बोलायला लागले की जोराचा सेट अशक्ताला गिळून टाकतो. मनोऱ्यापर्यंत एकच पोहोचतो. बटण सुटलं. पुन्हा "...कंट्रो..." आणि पुन्हा टिक-टिक.

ती स्प्रिंग तिनं बसवली होती. रात्री कूस बदलताना आपलंच माणूस खोकलं तर न बघता ओळखावं, तसा तो सेट तिनं ओळखला. मिटलं म्हणून सांगणारा शिपाई नव्हताच. तो पुंजाराम होता, नाहीतर त्याचा कुणी माणूस. खरा शिपाई ओरडत होता आणि तिनं उघडून दिलेला सेट त्याचं तोंड दाबून धरत होता.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिनं फोन उचलला आणि शंभर नंबर फिरवला. लागला.

"पैठण तालुक्यात कुरणवाडीला पोलीस शिपाई अडचणीत आहे. त्याच्याकडं जाणारी गाडी माघारी फिरवली आहे, ती खोट्या निरोपावर फिरवली आहे."

"पैठण तालुका? ते ग्रामीणला येतं, बाई. हे शहर कंट्रोल आहे. नंबर देतो, लिहून घ्या."

तिनं तळहातावर लिहून घेतला.

"पण तुम्हाला कसं कळलं हे?" पलीकडून आवाज आला.

जाहेदानं फोन ठेवला. दुसरा नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला. एंगेज. तिसऱ्यांदा घंटी वाजत राहिली, कुणी उचललं नाही. सेटमधून पथक दोनचा ड्रायव्हर कुणाला तरी चहासाठी कुठं थांबायचं ते विचारत होता.

तिनं माइक हातात घेतला. समोरच्या कागदावरचा दुसरा आकडा तिनं सेटवर टाकला. बोलायचा आकडा; ऐकायला पहिलाच ठेवला. पुंजारामला तो कशाला हवा होता, ते आता तिला कळलं होतं. कळलं होतं म्हणजे काय, त्याच दिवशी कळलं होतं.

"किससे बात करनी है?"

आतल्या दारात अम्मी उभी होती. बिल्किसबी. सत्तरीची, डोक्यावरचा पदर सावरत. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पोलिसांशी," जाहेदा म्हणाली.

"नक्को. तेरे अब्बा तीस साल इस टेबल पे बैठे, कभी पोलीस की चौकट नही चढे. तू उनके वायरलेस पे बोलेगी? पूछेंगे नही, ये औरत कौन है, कायको सुन रही थी? उसके बाद हमारी कौन सुनेगा?"

"अम्मी, तिथं माणसाला मारतायत."

"तू ने मारा क्या?"

जाहेदानं अम्मीकडं बघितलं. "तो सेट मी उघडून दिलाय."

अम्मीला डायोड कळत नव्हता. पण नवऱ्यानं एक काम आयुष्यभर नाकारलेलं तिनं बघितलं होतं, आणि ते हेच काम होतं.

जाहेदाला सगळं स्पष्ट दिसत होतं. बोलली की परवाना गेला. गुन्हा दाखल होईल. पोलिसांच्या वायरलेसवर रोशनगेटची एक मुसलमान बाई, हे उद्या पेपरात कसं छापून येईल तेही दिसत होतं. तिचा अंगठा बटणावर होता आणि दाबला जात नव्हता. किती वेळ गेला ते तिला नंतर घड्याळावरून कळलं. त्या वेळी तिला फक्त सेटमधली सपाट शांतता ऐकू येत होती. ती मध्येच तुटली आणि एक शब्द बाहेर आला. "...साहेब..." एवढाच. त्यात आता कंट्रोलला हाक नव्हती. तो माणूस शेजारच्या माणसाशी बोलत होता.

तिनं बटण दाबलं.

"कंट्रोल, कंट्रोल. पथक दोनला माघारी बोलावू नका. कुरणवाडीहून आता बोलला तो तुमचा शिपाई नाही."

कंट्रोलचा आवाज आला.

"कोण बोलतंय? स्टेशन, ओळख सांगा."

"मी जाहेदा कमरोद्दीन. रोशनगेट, औरंगाबाद. हौशी रेडिओची परवानाधारक." तिनं आपला कॉलसाइन सांगितला. एकेक अक्षर सुटं करून, सकाळच्या हजेरीत सांगावा तसा.

"हा पोलिसांचा चॅनल आहे. ताबडतोब बंद करा. हा गुन्हा आहे, कळतं का?"

"कळतं. मी कुठं जात नाही, पत्ता सांगितलाय. आधी गाडी फिरवा."

टिक-टिक. "कंट्रोल, कुरणवाडी. कुणीतरी बाई मधी घुसलीया. लक्ष देऊ नका. हितं सगळं शांत आहे."

"हा खोटा आहे," जाहेदा म्हणाली. "त्याला बक्कल नंबर विचारा. खऱ्या शिपायाला तो पाठ असतो."

कंट्रोलवर बसलेला माणूस कोण होता ते तिला कधीच कळलं नाही. आवाजावरून मध्यमवयाचा वाटत होता, जागचा न हलणारा, नियमाचा. खोलीत अम्मीच्या हातातली तसबीहची माळ थांबली होती. मग तो माणूस एकदम कोरड्या आवाजात बोलला.

"कुरणवाडी, बक्कल नंबर सांगा."

टिक-टिक. बटण दाबलं गेलं होतं. आत वारा ऐकू आला, लांबून एका इंजिनाची घरघर. कुणी बोललं नाही. बटण सुटलं.

"कुरणवाडी, बक्कल नंबर."

काही नाही.

"रस्ता मोकळा झालाय," जाहेदा म्हणाली. "कुरणवाडीचा खरा शिपाई, ऐकू येत असेल तर बोला. आता बोला."

आणि तिनं अंगठा बटणावरून पूर्ण उचलला, आपल्याच सेटनं त्या क्षीण आवाजाला गिळू नये म्हणून.

"...कंट्रोल... रामकिसन, बक्कल सोळाशे बारा... तलाठी साहेबांच्या अंगावर ट्रक घातला... पाय अडकलाय... लोक पळाले... गाडी पाठवा, गाडी..."

"पथक दोन. कुरणवाडी. ताबडतोब."

"निघालो."

घड्याळात अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती; त्यातली शेवटची दोन बोलण्यात गेली होती. जाहेदानं सेट बंद केला. माइक टेबलावर ठेवायला गेली तर बोटं सुटेनात. दुसऱ्या हातानं एकेक बोट उघडावं लागलं.

*

पोलीस दुपारी एकच्या सुमाराला आले. एक फौजदार, दोन शिपाई, एक महिला शिपाई. गल्ली दाराशी गोळा झाली. अम्मीनं कुणाला काही न विचारता चहा टाकला, आणि कुणी तो घेतला नाही.

फौजदार तिशीतला होता. त्यानं सेट बघितला, खिळ्यावरचा कागद बघितला. मग खुर्ची ओढून बसला आणि जाहेदाला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच बोलला.

"तलाठी वाचला. सांडू म्हस्के नाव त्याचं. पाय चिरडलाय, घाटी दवाखान्यात आणलाय. अजून दहा मिनिटं गेली असती तर रक्त जाऊनच संपला असता, असं डॉक्टर म्हणाले. आमचे साहेब तुमच्यावर खूश आहेत." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघा, बाई. सेट दुरुस्त करताना तुमच्या कानावर चुकून पडलं, माणुसकीच्या नात्यानं बोललात, असा जबाब लिहू. वायरलेस खात्याला आम्ही सांगून बघतो. तो दुसरा सेट ज्याचा आहे त्याला शोधायचं काम आमचं. तुम्ही त्यात पडायचं कारण नाही."

अम्मी दारातून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते. तिला मराठी पूर्ण कळत होतं.

जाहेदानं होय म्हटलं असतं तर ते तिथंच संपलं असतं. तिनं तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"त्या सेटच्या बटणात बॉलपेनची स्प्रिंग आहे," ती म्हणाली. "निळ्या रंगाची. आणि आतल्या पाटीवर एका डायोडचा पाय तोडलेला आहे. त्याशिवाय तो सेट तुमच्या चॅनलवर बोलूच शकला नसता. तो मी तोडलाय. पुंजाराम नावाच्या माणसासाठी, नोव्हेंबरात. हा कागद त्याचा."

फौजदारानं खिळ्यावरचा कागद काढून घेतला. "तुम्हाला माहीत होतं, तो कशासाठी नेतोय?"

"नाही."

तो लिहायला लागला.

"थांबा," ती म्हणाली. "वाळूसाठी नेतोय हे माहीत नव्हतं. पण त्याला नुसतं ऐकायचं नाही, एवढं कळलं होतं. कागदावर दोन आकडे होते. हे पण लिहा."

फौजदारानं ते लिहिलं. त्याच्या कपाळावर आठी होती. बनत आलेली गोष्ट कुणी हातानं मोडावी, तशी.

ते गेल्यावर अम्मी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची.

तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ काका खुलताबादहून एसटीनं आले. धोतर, काळी टोपी, हातात अंजिराची पुडी, अम्मीसाठी. टेबलावर सेटच्या जागी रिकामा चौकोन होता, धूळ न बसलेला. काकांनी त्याच्याकडं बघितलं आणि स्टुलावर बसले.

"परवाना थांबवल्याचं पत्र आलं?"

"आलं. चौकशी होईपर्यंत बंद. पुढं तीन वर्षं तरी मिळणार नाही म्हणतात."

"उद्यापासून हजेरीत तुझं नाव घेता येणार नाही मला."

"माहीत आहे, काका."

"रागावलो म्हणून नाही. नियम आहे."

"माहीत आहे."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग काका टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "भूकंपाच्या साली मीपण माझा सेट उघडला होता. कधी लागला तर असावा म्हणून. आठ वर्षं झाली, कुणाला बोललो नाही. तुम्हा पोरांना मात्र दर रविवारी नियम वाचून दाखवत होतो." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. "काल रात्री नवा डायोड बसवायला बसलो तर हात हलतो. तू येऊन लावून देशील का? सेट चालू करायचा नाही, नुसतं जोडायचं. त्याला परवाना लागत नाही."

जाहेदानं होकारार्थी मान हलवली.

पुंजाराम चार दिवसांनी सापडला. तो एका वाळू ठेकेदाराचा माणूस होता. परीक्षा वगैरे काही दिली नव्हती. सेट जीपमध्ये, सरकीच्या पोत्याखाली होता. सेट असाच विकत घेतला, आत काय आहे ते मला ठाऊक नाही, असं तो म्हणाला. पण पोलिसांनी माइक खोलल्यावर आत निळी स्प्रिंग निघाली आणि जाहेदाचा जबाब त्याच्यासमोर वाचला गेला. मग त्यानं ठेकेदाराचं नावही सांगितलं.

*

घाटीत जायचं जाहेदानं दोनदा ठरवलं आणि दोनदा वाटेतल्या औरंगपुऱ्यातून परत फिरली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा महिना होत आला होता. हाडांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर सांडू म्हस्के बसलेला होता. चाळिशीचा, काळासावळा. उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, बोटं काळी-निळी. त्याची बायको लक्ष्मीबाई खाली सतरंजीवर मेथी निवडत होती.

जाहेदानं नाव सांगितलं.

"तुम्ही व्हय," तलाठी म्हणाला. "रामकिसनच्या वॉकीटॉकीत तुमचा आवाज आला तेव्हा मी शुद्धीत होतो. वाळूत पडलेला. मला वाटलं, कंट्रोलला नवीन बाई ठेवली असंल." तो थोडा हसला. मग बायकोला म्हणाला, "अगं, ह्याच त्या."

लक्ष्मीबाई हात पुसत उठली आणि वाकून जाहेदाच्या पाया पडायला लागली. जाहेदानं तिचे दंड धरले.

"नका," ती म्हणाली. "आधी ऐकून घ्या." आणि उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगितलं. सेट कुणी उघडला, कागदावर काय होतं, आपण काय विचारलं नाही ते. शेजारच्या खाटेवरचा म्हातारापण ऐकत होता. लक्ष्मीबाईनं आपले दंड जाहेदाच्या हातातून हळूहळू सोडवून घेतले.

"पोलिसांनी मला एवढं नव्हतं सांगितलं," सांडू शेवटी म्हणाला. "एक विचारू? तुम्हाला कळल्यापासून बोलेपर्यंत किती वेळ गेला?"

हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. फौजदारानं नाही, काकांनी नाही.

"नऊ मिनिटं," जाहेदा म्हणाली. "त्यातली चार-पाच फोनमध्ये गेली. बाकीची मी माइक हातात धरून बसले होते. भीती वाटली म्हणून."

सांडू खिडकीबाहेर बघत राहिला.

"ट्रक माझ्यावर आला तो शेवटी शेवटी," तो म्हणाला. "आधी नुसती शिवीगाळ, दगडं चालली होती." त्यानं हिशोब पुरा केला नाही. लक्ष्मीबाईनं तो मनात केला असावा. ती पाठ फिरवून मेथीजवळ जाऊन बसली आणि तिची बोटं फार वेगानं चालायला लागली.

जाहेदा निघायला वळली.

"थांबा वो," सांडू म्हणाला. आवाज राकट होता, मऊ नव्हता. "मी माफ केलं असं म्हननार नाय. पाय बरा हुईल का नाय ते डॉक्टरला पन माहीत नाय. पन कोर्टात ह्ये असंच्या असं सांगनार का तुम्ही? पुंजाराम म्होरं असताना? त्याचा वकील तुम्हाला फाडून खाईल."

"सांगणार."

"नऊ मिनिटं पन?"

"विचारली तर नऊ मिनिटं पण."

सांडूनं तिच्याकडं नीट बघितलं. मग खाटेखालचं स्टूल हातातल्या काठीनं पुढं सरकवलं.

"बसा मग. तारीख बावीसची हाय. तिथं काय काय विचारत्यात, ते मी सांगतो तुम्हाला. बारा वर्सं तलाठी हाय मी, कोर्टाची पायरी लई घासलीया."

जाहेदा बसली. लक्ष्मीबाई मान वर न करता मेथी निवडत राहिली.